तिसरा टेक

"पंप्या, तुझा फोन आहे," ड्रायव्हर म्हणाला. पण रिसीव्हर माझ्या हातात न देता त्याने तो छातीशी धरून ठेवला.

मी बंबामागे उभा राहून पंपाची रोजची चाचणी घेत होतो. काटा वर चढत होता. स्टेशनवरच्या त्या फोनवर वर्दी येते, म्हणजे कुठेतरी आग लागल्याची खबर, आणि आग कायम दुसऱ्याच्या घरची असते. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या फोनवर मला कोणी बोलावलं नव्हतं. घरची माणसं मोबाइल लावतात, आणि चाचणीच्या वेळी माझा मोबाइल कपाटात असतो.

"कोण आहे?"

"वहिनींच्या स्टुडिओतून."

"मग दे की इकडे."

"आधी पंप बंद कर."

हा माणूस वर्दीवर जातानासुद्धा थट्टा करणारा. त्याचा तो सरळ आवाज ऐकून मी पंप बंद केला आणि फोन घेतला.

पलीकडे माझ्या बायकोच्या मालिकेचा दिग्दर्शक होता. "भाऊजी, ताई पडल्या. हॉस्पिटलात आणलंय त्यांना."

"शुद्धीवर आहे का?"

"तुम्ही या, भाऊजी."

आम्हीही लोकांना हेच सांगतो. जळत्या घरापाशी धावत आलेला माणूस विचारतो, माझी आई आत होती, ती कशी आहे? आम्हाला ते ठाऊक झालेलं असतं. मग आम्ही म्हणतो, तुम्ही जरा इकडे या. त्यामुळे मला जे कळायचं ते फोनवरच कळलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी फक्त कारण सांगितलं. हृदय.

दिग्दर्शक तिथे बाकावर बसला होता. गळ्यातला हेडफोन त्याने काढलाच नव्हता, वायर गुडघ्यापर्यंत लोंबत होती. मला बघून तो उठला, काहीतरी बोलायला गेला आणि पुन्हा खाली बसला.

"जागच्या जागी गेल्या," डॉक्टर म्हणाले. "कोणी काही करू शकलं नसतं."

दिग्दर्शकाने डॉक्टरांकडे असं पाहिलं, जणू डॉक्टरांनी त्याला शिवी दिली असावी. त्याचं कारण मला तेव्हा कळलं नाही.

माझी बायको आवाजाचं काम करायची. लग्न झालं तेव्हा ती बसस्टँडवर गाड्या सुटण्याच्या घोषणा द्यायची. मग साबणाच्या जाहिराती आल्या, मुलांच्या कार्यक्रमातला ससा आला, बँकेच्या फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा' आलं. मी तिला म्हणायचो, "घरातही मला हेच ऐकवतेस. बँकेत निदान गोड बोलतेस." पन्नाशी उलटली तशी तिला वाटायला लागलं, की आता फक्त खोकणाऱ्या म्हाताऱ्यांची कामं मिळणार. तेवढ्यात तिला 'निखारा पथक' मिळालं, आणि त्यातली म्हातारी खरंच खोकणारी होती. पण ती पथकाची कॅप्टन होती.

मालिका दूरच्या देशात बनलेली. चित्रं तयार असायची, त्यावर आपल्या भाषेतले आवाज चढवायचे. गोष्ट अशी, की त्या शहरात आग सजीव झाली आहे. ती भिंतीआड दबा धरून बसते, पाठलाग करते, वाट अडवते. तिच्याशी लढायला एक पथक आहे आणि त्यातल्या प्रत्येकाकडे माणसाकडे नसते अशी शक्ती आहे. एक जण धूर हवेसारखा ओढतो. एक मुलगा स्वतःच्या सावलीचं पाणी करतो. एक पोरगी कोसळत्या भिंतीवरून, ती कोसळायच्या आत, पळून जाते. कॅप्टन आंधळी आहे. जुन्या एका आगीत तिचे डोळे गेले. तिची शक्ती म्हणजे कान. कितीही आवाज असो, आगीपलीकडे कोणी श्वास घेत असेल तर तो तिला ऐकू येतो. ती हात वर करते, सगळे गप्प होतात, आणि ती सांगते, "जिन्याखाली एक आहे. जिवंत आहे."

पहिला भाग आम्ही तिघांनी मिळून पाहिला. मी, ती आणि आमची लेक. लेक शाळेत गणित शिकवते, म्हणून घरात सगळ्यांचं चुकलेलं तिला आधी दिसतं. पण त्या दिवशी तिला बोलायला मी जागा दिली नाही.

"ह्या कार्टूनमध्ये होज कुठाय? पाण्याचा पाइप?"

"अहो, कार्टून नाही. ॲनिमे म्हणतात," बायको म्हणाली.

"ॲनिमे तर ॲनिमे. पण होज कुठाय?"

"त्यांच्याकडे शक्ती आहेत."

"असू देत की. तो पोरगा पाणी सोडतोय, ते येतं कुठून?"

"सावलीतून."

"प्रेशर किती?"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "तुमचा पंप घेऊन बसा तुम्ही! सावलीला पंप लावा!"

"बरं, त्या भिंतीवरून पळणाऱ्या पोरीचा कोट दर वेळी कसा काय जळतो? आणि बाप्यांच्या कोटाला डागसुद्धा पडत नाही. कुठल्या कंपनीचे आहेत विचार, आमच्या साहेबांना सांगतो."

"ते मात्र खरंय," ती म्हणाली. "त्या पोरीला जिचा आवाज आहे ना, आमची बारकी, ती पण वैतागते. म्हणते, माझ्या अर्ध्या डायलॉगमध्ये मी कोटच शोधत असते."

मला त्यातल्या बऱ्याच गोष्टी पटल्या नाहीत, त्या आजही पटत नाहीत. छप्पर खाली यायला लागलेलं असतं आणि खलनायक त्याचं बालपण सांगत बसतो. छप्पर येताना आम्ही एकच शब्द बोलतो, 'बाहेर!' ऐन झटापटीत गोष्ट मागे जाते आणि अख्खा भाग संपला तरी परत येत नाही. लोक मेलेत, पथक रडतंय, आणि पुढच्या क्षणी तो धूर ओढणारा नाकातून धुराची वर्तुळं काढून माकडचेष्टा करतो. शिवाय आग विझली की सगळे सूर्यास्ताकडे तोंड करून उभे राहतात. होज कोणी गुंडाळत नाही. खऱ्या वर्दीत निम्मा वेळ आग विझल्यावरच जातो.

"तुमच्या होज गुंडाळण्यावर कोण मालिका काढणार?" ती म्हणायची.

पण दुसऱ्या की तिसऱ्या भागात एक बंद दार आलं. दाराच्या फटीतून धूर बाहेर येत होता आणि परत आत ओढला जात होता. बाहेर, आत. पिवळसर, जड धूर. आवाज जवळजवळ नाही. मी खुर्चीतून पुढे सरकलो आणि टीव्हीला म्हणालो, "उघडू नको."

पथकातल्या एका पोराने दार उघडलं. पुढे जे व्हायचं तेच झालं. आत कोंडलेल्या आगीला हवा मिळाली आणि सबंध खोली त्याच्या अंगावर आली.

मी खुर्चीत मागे टेकलो. मग म्हणालो, "हे चित्र काढणाऱ्याने आग बघितलेली आहे."

बायकोला इतका आनंद झाला, जसं काही ते चित्र तिनेच काढलं होतं. त्यानंतर मी एकही भाग चुकवला नाही. लाकडाची आग वेगळी, तेलाची वेगळी, कापडाच्या गठ्ठ्यांची तर दिसतही नाही, आत धुमसते. हे सगळं त्या मालिकेत बरोबर होतं. माणसं खोटी उडायची पण आग खरी होती. आणि कॅप्टनने हात वर केल्यावर जी शांतता व्हायची, तीही खरी होती. कोसळलेल्या इमारतीपाशी आम्हीही असंच करतो. बंबाचं इंजिन बंद करतो, लोकांना गप्प बसवतो आणि कान लावतो. त्या वेळी सगळ्या रस्त्याचा श्वास अडकलेला असतो. ही गोष्ट मी आजवर कोणाला नीट सांगू शकलो नव्हतो. ती एका चित्रातल्या म्हातारीने करून दाखवली, आणि त्या म्हातारीचा आवाज माझ्या घरातला होता.

ती मला कामाचं विचारायची. एकदा भाजी निवडताना म्हणाली, "अहो, धूर लागला की माणूस कसा खोकतो?"

"आधी खोकतच नाही. आधी श्वास अडतो. छाती बंद झाल्यासारखी होते. मग आतून एकदम येतो तो खोकला, आणि मग थांबता थांबत नाही."

"करून दाखवा."

मी दाखवला.

"अजून एक."

हे 'अजून एक' दिग्दर्शकाचं होतं. टेक कितीही चांगला होवो, तो एक जास्तीचा घ्यायचाच. तिने त्याचं नावच 'अजून-एक' ठेवलं होतं. त्याच्या तोंडावरही म्हणायची आणि तोही ओ द्यायचा.

ती गेल्यावर काही दिवसांनी दुपारी तो घरी आला. लेक घरीच होती. तिने चहा पुढे ठेवला, त्याने हात लावला नाही.

"ताईंचा शेवटचा दिवस मला सांगायचाय," तो म्हणाला.

"सांगा."

"त्या दिवशी आम्ही शेवटच्या तीन भागांचे श्वास करत होतो."

"श्वास म्हणजे?" लेकीने विचारलं.

त्याने सांगितलं. आवाजाच्या कामाचा एक क्रम असतो. धापा, कण्हणं, खोकला, उसासे हे सगळं आधी करून घेतात. मग बोलणं. आरडाओरडा सगळ्यात शेवटी, कारण ओरडून एकदा घसा बसला की पुढचं काम होत नाही. म्हणून तीन भागांचे श्वास एकदमच केले होते आणि शब्द अजून एकही झाला नव्हता.

"शेवटच्या भागात कॅप्टन मरते," तो म्हणाला. "शेवटचं पोर खिडकीतून बाहेर देते आणि भिंतीला टेकून बसते. तिथे डायलॉग नाही. नुसता खोकला, मग श्वास, मग काही नाही. पहिला टेक झाला. मी म्हटलं, ताई, खोकला लांबला, चित्रात तोंड आधी मिटतंय. अजून एक. दुसरा झाला, तो अगदी बरोबर बसला. पण ताईच म्हणाल्या, हा मी मोजून केलाय रे, ह्यात जीव नाही. अजून एक घे. त्या आपणहून असं पहिल्यांदाच म्हणाल्या. आम्ही हसलो पण. मग तिसरा सुरू केला."

तो थांबला. लेक म्हणाली, "पुढे?"

"मी डोळे मिटून ऐकतो. सवय आहे माझी. टेक संपला. मी बटण दाबून माइकवर बोललो."

"काय बोललात?"

"म्हटलं, वा ताई. काय केलंत! अजून एक."

खालच्या मजल्यावर कोणीतरी बादली सरकवत होतं, तेवढाच आवाज.

"आम्ही टाळ्या वाजवल्या, भाऊजी. आत ताई खाली बसल्या होत्या, भिंतीला टेकून. कॅप्टन तशीच बसते. ताई सगळं अंगाने करायच्या, ते आम्हाला माहीत होतं. आम्हाला वाटलं, अजून त्यातच आहेत. मी सगळ्यांना चहा सांगितला. चहा सांगून मग आत पाहिलं." त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. "कॅप्टनला भिंतीपलीकडचा श्वास ऐकू येतो. माझ्या आणि ताईंच्या मध्ये नुसती काच होती. कानाला हेडफोन होता. आणि मला चांगला टेक ऐकू आला."

"डॉक्टर म्हणाले ना, काही होण्यासारखं नव्हतं," मी म्हणालो.

"डॉक्टर सगळ्यांना तेच म्हणतात."

"हो, म्हणतात," मी म्हणालो. आम्हीही म्हणतो. त्याला खोटं कशाला सांगायचं. मग मी त्याला सांगितलं, की धुरात आमचीही अशी गल्लत होते. जोडीदार भिंतीला टेकला की वाटतं दम खातोय. तोंडावर मास्क, सगळे सारखे दिसतात. नीट काम करणाऱ्या माणसाचीच अशी गल्लत होते, कारण त्याचं लक्ष कामात असतं. त्याला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. चहा त्याने गार झाल्यावर प्यायला.

उठता उठता त्याने खरी अडचण सांगितली. रेकॉर्डिंग झालं की सगळे टेक त्याच दिवशी वर कंपनीकडे जातात. तो हॉस्पिटलात होता आणि सहायकाने रोजच्यासारखे पाठवून दिले. त्यांवर नुसते आकडे असतात. कंपनीने ऐकून तिसरा निवडला होता. त्यांनी कळवलं होतं, की मूळ भाषेतही इतका चांगला टेक झालेला नाही.

"त्यांना माहीत नाही?" लेक म्हणाली.

"नाही. सांगितलं तर म्हणतील, अरेरे, नको वापरू. नाहीतर म्हणतील, मग तर वापराच, गाजेल. दुसरं म्हणायची शक्यता जास्त. म्हणून मी आधी इथे आलो. पुढच्या आठवड्यात आवाज पक्के होतील. मग काही बदलता येणार नाही. काय करायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी करेन. नोकरी गेली तरी."

तो गेल्यावर लेक दाराची कडी लावून तिथेच उभी राहिली.

"बाबा, पुसून टाकायला सांगा. आजच."

"बघू."

"बघू काय त्यात? लोक चिप्स खात आईचं मरण ऐकणार का?"

"मी वापरा म्हटलेलं नाही."

"मग पुसा म्हणा!"

"तेही म्हणवत नाही," मी म्हणालो. ती स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. आईची सवय.

पुढचे दिवस आम्ही दोघांनी मालिका पहिल्यापासून पाहिली. ती शाळेतून आली की लावायचो. माझ्या मनात एक होतं: कॅप्टनचं मरण कसं असावं, हे कॅप्टनला पाहूनच कळेल. सुरुवातीला बायकोचा आवाज आला की लेक उठून पाणी प्यायला जायची. मग हळूहळू बसायला लागली. मग भांडायलाही लागली.

"हा मधला भाग किती लांबवलाय! एवढी नवीन माणसं कशाला आणायची? कोण कोणाचा भाऊ, कळत पण नाही."

"तुझी आई पण म्हणायची."

"आणि हा खलनायक गप्प का बसत नाही?"

"छप्पर पडेपर्यंत बसणार नाही."

कोट जळणारी पोरगी आली की ती कपाळाला हात लावायची. पण नंतर एक भाग येतो. त्यात त्याच पोरीला पहिल्यांदा एका माणसाला सोडून बाहेर यावं लागतं. भिंत थांबत नाही. बाहेर आल्यावर ती कॅप्टनला म्हणते, "मी अजून थांबले असते तर?" कॅप्टन तिच्या डोक्यावर हात ठेवत नाही, जवळ घेत नाही. ती तिला हेल्मेट देते आणि म्हणते, "पूस. काजळी वाळली की निघत नाही." पोरगी रडत रडत हेल्मेट पुसते.

"आई हे असंच बोलायची," लेक म्हणाली.

"हे कॅप्टनचं वाक्य आहे."

"असेल. पण बोलायची असंच."

ती टीव्हीकडे बघत होती. मी सांगितलं नाही, पण मला ठाऊक होतं, की ते वाक्य मूळ मालिकेतलं नव्हतं. मूळ वाक्य ओठांना बसत नव्हतं, म्हणून बायकोने मला विचारलं होतं, पहिल्या मरणानंतर तुमचे साहेब तुम्हाला काय म्हणाले? मी सांगितलं होतं. तिने ते अजून-एकला पटवलं.

अशी ती मालिका. दहा ठिकाणी ती घसरते, आणि अकराव्या ठिकाणी अशी धरते की पुढची दहा माफ करावी लागतात.

आठवड्याच्या शेवटी मी स्टुडिओत गेलो. लेक आली नाही. "तुम्ही ठरवा," एवढंच म्हणाली. तिथे चपला बाहेर काढून आत जायचं असतं, पावलांचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून. बारकी आली होती. मालिकेत ती कोसळत्या भिंतींवरून पळते, पण प्रत्यक्षात माझ्या खांद्याएवढी, चष्मेवाली. कॅप्टनचे राहिलेले शब्द तीच बोलणार होती.

"काका, मला ताईंसारखं जमणार नाही," ती म्हणाली.

"तिला पण पहिल्यांदा जमलं नव्हतं. तिचा ससा बकरीसारखा यायचा."

ती हसली आणि मग चष्मा काढून पुसायला लागली.

काचेच्या अलीकडे अजून-एकने मला खुर्ची दिली, हेडफोन दिला आणि चित्र लावलं. कॅप्टन खिडकीतून पोर बाहेर देते. खालून कोणीतरी ते झेलतं. तिला दिसत नाही, पण पोराचा श्वास ऐकू येतो, त्यावरून ती ओळखते. मग ती मागे सरकते आणि भिंतीला टेकते. आग तिच्या भोवती येऊन बसते, घरच्या जनावरासारखी. आगीचं इतकं सुंदर चित्र मी पाहिलेलं नाही, आणि आग मी पुष्कळ पाहिली आहे.

"पहिला टेक लावतो," तो म्हणाला.

श्वास अडला. छाती बंद झाल्यासारखं काही क्षण काहीच नाही. मग आतून एकदम खोकला आला. तो माझा खोकला होता. भाजी निवडता निवडता तिने माझ्याकडून घेतलेला. चित्रातल्या कॅप्टनचं तोंड मिटलं तरी तो थांबत नव्हता. मग एक मोठा श्वास, एक लहान, आणि शांतता. आणि त्या शांततेत, अगदी शेवटी, तिचा हलका आवाज: "लांबला का रे?"

मी हेडफोन काढला नाही. त्याने दुसरा लावला. तो अगदी मापात होता. बायको खरं बोलली होती, त्यात जीव नव्हता.

त्याचा हात तिसऱ्याच्या बटणाजवळ जाऊन थांबला. तो माझ्याकडे बघत होता.

"पहिला घ्या," मी म्हणालो.

"तिसरा ऐकायचा नाही?"

"पहिला घ्या."

"भाऊजी, पहिल्यात चूक आहे. ओठ जुळत नाहीत. तोंड मिटल्यावर खोकला येतोय. आणि तिसरा…" तो अडखळला. "मी त्यावर बोलायच्या लायकीचा नाही. पण कंपनी विचारेल, चांगला सोडून हा का?"

मला जे वाटत होतं ते मला नीट मांडता येईल की नाही, माहीत नव्हतं.

"पहिला तिने केलाय," मी म्हणालो. "चुकली असेल, पण तिने केलाय. माझ्याकडून शिकून, घरी सराव करून केलाय. तिसरा तिने केला नाही. तो झाला. तिच्या कामात तो धरू नका."

काचेपलीकडे बारकी उभी होती. तिला आमचं बोलणं ऐकू जात नव्हतं, तरी ती माइकपासून दूर झाली.

"कंपनीला काय सांगू?"

"सांगा, तिसऱ्यात बिघाड आहे. खोटं नाही ते."

त्याने मान डोलावली. पहिल्या टेकचा शेवट कापून 'लांबला का रे' काढलं. काढण्याआधी मला विचारलं, हे वेगळं देऊ का. मी हो म्हटलं. ते माझ्यासाठी वेगळं ठेवून तो म्हणाला, "तिसरा कंपनीकडून काढून घेईन. माझ्याकडे एकच प्रत राहील. ती पुसू?"

पुसायला एक बटण पुरतं. लेकीलाही तेच हवं होतं. आणि ऐकायलाही एक बटण पुरतं. ती गेली तेव्हा मी पंपाचा काटा बघत होतो. तिच्याजवळ कोणीच नव्हतं. होता तो फक्त हा टेक.

"नको," मी म्हणालो. "मला द्या."

शेवटचा भाग लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी तो स्टेशनवर पाहिला. वर्दी आली नाही. बारकीने शब्द छान बोलले होते, कुठे तिचा आवाज संपतो आणि बायकोचा श्वास सुरू होतो, ते कळत नव्हतं. कॅप्टन भिंतीला टेकली. खोकला सुरू झाला.

"पंप्या," ड्रायव्हर हळूच म्हणाला, "तोंड मिटलं तरी वहिनी खोकतायत रे."

"हो."

"थांबत नाहीत."

"नाहीच थांबत तो," मी म्हणालो. धूर खाल्लेली माणसं होती सगळी. कोणाला समजवायला लागलं नाही.

लेकीने नंतर मला लोकांनी लिहिलेलं दाखवलं. पुष्कळांना शेवट आवडला होता. पुष्कळांनी मधले भाग लांबले म्हणून शिव्या घातल्या होत्या, त्या योग्यच होत्या. एकाने लिहिलं होतं, की मालिका उत्तम, पण शेवटच्या प्रसंगात आवाज ओठांना जुळत नाही, इतकी ढोबळ चूक कशी राहिली?

"उत्तर देऊ का ह्याला?" लेकीने विचारलं.

"काय देणार? बरोबर लिहिलंय त्याने."

ती पुसण्याबद्दल आता काही म्हणत नाही. अजून-एकने दिलेल्या दोन फाइल तिने माझ्या मोबाइलमध्ये टाकून दिल्या आहेत, आणि त्या कशा लावायच्या हेही शिकवलं आहे. 'लांबला का रे' मी ऐकतो, कधी कधी दिवसातून दोनदा.

तिसरा टेक मी अजून ऐकलेला नाही.